तूप, पित्त आणि आतड्यातले जिवाणू

इंदूरला रामबागेतल्या मराठी घरात कुणाला आतड्याच्या सुजेचं निदान झालं, की पहिली चर्चा तुपाची. वरणभातावरची धार बंद? सराफ्यातली रबडी, मावाबाटी कायमची सुटली? विचारणाऱ्याच्या आवाजातली धास्ती मी ओळखते. म्हणूनच दुधातुपाची चरबी ही सूज वाढवते हा संशय कुठून आला ते नीट सांगावंसं वाटतं.

आजाराची नावं जुनी आहेत. 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडणं) हे नाव १८५९ मध्ये लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी वापरलं. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या दाहाचं वर्णन केलं, तोच आजचा क्रोन्स. (आपल्याकडे तो आणि आतड्याचा क्षय वेगळे ओळखणं डॉक्टरांना आजही जड जातं.) कारण मात्र हाती लागत नव्हतं.

१९९३ मध्ये दाह आवरणारं इंटरल्यूकिन-१० हे प्रथिन तयार न करू शकणारे उंदीर प्रयोगशाळेत घडवले गेले आणि त्यांची आतडी सुजली. पुढे दिसलं, की असेच उंदीर जिवाणूमुक्त वातावरणात वाढवले तर सूज येत नाही. म्हणजे कमकुवत प्रतिकारव्यवस्था एकटी पुरत नाही, जिवाणूही लागतात.

मग त्यात चरबीचा काय संबंध? २०१२ मध्ये शिकागो विद्यापीठात सुझान देवकोटा, युजीन चँग आणि सहकाऱ्यांनी उंदरांना वेगवेगळ्या चरबीचा आहार दिला. डुकराच्या चरबीने किंवा करडईच्या तेलाने जे झालं नाही, ते दुधातल्या चरबीने झालं: बायलोफिला वॅड्सवर्थिया हा एरवी तुरळक सापडणारा जिवाणू भराभर वाढला. दुधातली चरबी पचवताना यकृत टॉरिन नावाचं द्रव्य जोडलेलं पित्ताम्ल (पित्तातलं आम्ल) जास्त सोडतं. टॉरिनमध्ये गंधक असतं, आणि त्यावरच हा जिवाणू पोसतो. बायलोफिला म्हणजे पित्तप्रिय. १९८९ मध्ये सुजलेल्या अपेंडिक्सच्या नमुन्यांतून तो ओळखला गेला, तेव्हाच हे नाव मिळालं. कमी चरबीच्या आहारात नुसतं ते टॉरिनयुक्त पित्ताम्ल मिसळलं, तरी तो तसाच माजला. मला या प्रयोगातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. चरबी थेट आतडं जाळत नाही, ती पित्त बदलते आणि पित्त जिवाणू निवडतं.

आणखी एक. सूज बळावली ती इंटरल्यूकिन-१० नसलेल्या उंदरांत. धडधाकट उंदरांत हा जिवाणू वाढूनही आतडी सुजली नाहीत. त्यामुळे आधीच वजन उतरलेल्या रुग्णाचं तूप घरच्यांनी डॉक्टरांना न विचारता तोडणं मला पटत नाही.

२०१४ मध्ये अमेरिकेत काही स्वयंसेवकांना पाच दिवस फक्त मांस, अंडी आणि चीज यांसारखे प्राणिज पदार्थ दिले. तेवढ्यात त्यांच्याही आतड्यात बायलोफिला वाढला. पण ती माणसं निरोगी होती, आणि पाच दिवसांत कुणाला आतड्याचा आजार जडतो असं त्या प्रयोगाने दाखवलेलं नाही.