घरचा पोरगा, वहीतला नफा: मँचेस्टर युनायटेडच्या संघामागची गोष्ट

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर दोन मॅचच्या मधल्या वेळेत पेठेच्या संघाची उणीदुणी काढून झाली की गाडी हमखास इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबवर येते. २०२४-२५ च्या हंगामापासून तिथे एकच वाक्य फिरतंय: "घरची पोरं विकली आन् बाहेरनं भंगार भरलं." बोलणारा मंगळवार पेठेतला असो नाहीतर शिवाजी पेठेतला, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं या एका वाक्यावर एक होतात. वाक्य रागाचं आहे आणि अर्धंच खरं आहे. बाहेरून आणलेले सगळे भंगार नव्हते. घरची पोरं मात्र खरोखरच विकली गेली आणि त्यामागे केवळ कुणाचा मूर्खपणा नव्हता. हिशेबाचा एक नियम होता. तो नियम काय आणि संघ तिथवर कसा पोचला, याची ही पार्श्वभूमी.

जुना इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण संघाच्या विमानाला म्युनिकला झालेला अपघात आणि अकादमीतून एकदम वर आलेली ब्याण्णवची बॅच इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. एक गोष्ट मात्र पुन्हा सांगायला हवी. ऑक्टोबर १९३७ पासून युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या चमूत क्लबच्या अकादमीत, म्हणजे पोरं घडवणाऱ्या शाळेत, घडलेला किमान एक खेळाडू राहिलेला आहे. मधे महायुद्ध झालं, संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, तरी हा क्रम तुटला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये अशा सलग ४,००० सामन्यांचा टप्पा पार झाला. आपल्याकडे तालमीच्या संघात पेठेतला एकही पोरगा नसेल तर पेठ मॅचला जाईल, पण ओरडेल कुणासाठी? युनायटेड इथे रुजलं त्यात ट्रॉफ्यांचा वाटा मोठा आहे, पण हा पेठेसारखा भाव कोल्हापूरकराला लगेच कळतो.

२००५ मध्ये एका अमेरिकन कुटुंबाने क्लब विकत घेतला आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर टाकला. तोवर कर्जमुक्त असलेला क्लब व्याज भरू लागला. हे दुखणं आठ वर्षं दिसलं नाही, कारण बाकावर ॲलेक्स फर्ग्युसन हा स्कॉटिश वस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, बसलेला होता. २०१३ मध्ये विसावी लीग जिंकून तो निवृत्त झाला. पुढच्याच हंगामात संघ सातवा आला.

त्यानंतरच्या बारा वर्षांत जे झालं ते तालमीच्या भाषेत सांगायचं तर दर दोन-अडीच वर्षांनी वस्ताद बदलला आणि प्रत्येक वस्तादाने आपल्या डावाचे पैलवान आणले. जाताना वस्ताद एकटाच गेला. पैलवान आणि त्यांचा खुराक मागे राहिला. २०१४ मध्ये पहिल्या डच प्रशिक्षकाच्या काळात ब्रिटिश विक्रमी रकमेला, जवळपास सहा कोटी पौंडांना, अर्जेंटिनाचा विंगर आला आणि एका हंगामात निघून गेला. त्याच वर्षी खरेदीविक्रीच्या शेवटच्या दिवशी कोलंबियाचा नामांकित स्ट्रायकर उसना घेतला आणि अकादमीत वाढलेला मँचेस्टरचाच फॉरवर्ड १.६ कोटी पौंडांना आर्सेनलला दिला. कोलंबियाच्या स्ट्रायकरने लीगमध्ये चार गोल केले. विकलेला पोरगा दहा वर्षांनंतरही प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, गोल करत होता. ज्यांना वाटतं की हे दुखणं हल्लीचं आहे, त्यांनी १ सप्टेंबर २०१४ ही तारीख लक्षात ठेवावी.

२०१६ चा प्रकार तर त्याहून भारी. अकादमीत असलेला फ्रेंच मिडफिल्डर २०१२ मध्ये करार संपवून किरकोळ भरपाईवर इटलीला गेला होता. चार वर्षांनी त्यालाच ८.९ कोटी पौंड, म्हणजे तेव्हाचा जागतिक विक्रम, मोजून परत आणलं. २०२२ मध्ये तो पुन्हा करार संपवून फुकटात गेला. त्याच क्लबातून, त्याच मार्गाने, दोनदा!

आता मूळ गुंत्याकडे. "घरचा खेळाडू" हा शब्द आपण फार सैल वापरतो. युनायटेडच्या बाबतीत त्याचे तीन वेगळे अर्थ आहेत आणि चर्चेतली निम्मी भांडणं ते एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

पहिला अर्थ प्रीमियर लीगचा, होमग्रोन. २५ जणांच्या यादीत होमग्रोन नसलेले जास्तीत जास्त १७ चालतात. होमग्रोन म्हणजे इंग्लंडमध्ये जन्मलेला नव्हे. एकविसाव्या वर्षाआधी इंग्लंड किंवा वेल्समधल्या कुठल्याही क्लबात तीन हंगाम नोंदणी असलेला कुणीही. वरचा फ्रेंच मिडफिल्डर याच हिशेबाने होमग्रोन होता. दुसरा अर्थ युरोपियन स्पर्धांचा. तिथे यादीतल्या आठ जागा देशात घडलेल्यांसाठी असतात आणि त्यातल्या किमान चार खुद्द त्याच क्लबात घडलेल्यांसाठी. पंधरा ते एकवीस या वयात तीन वर्षं क्लबात काढलेली असली की झालं. तितके नसतील तर जागा रिकामी जाते, दुसरा भरता येत नाही.

तिसरा अर्थ कुठल्याही संघयादीत नाही, हिशेबाच्या वहीत आहे, आणि सगळ्यात जास्त चालतो तोच. खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत कराराच्या वर्षांत वाटून खर्चात टाकतात. समजा आठ कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर आणला, तर वर्षाला १.६ कोटी खर्च पडतो. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत ३.२ कोटी उरते. तो ३.२ कोटींच्या खाली विकला तर तोटा लागतो. आता अकादमीतला पोरगा घ्या. त्याला विकत घेतलेलंच नाही, म्हणून वहीत त्याची किंमत शून्य. तो अडीच कोटींना विकला तर अडीचच्या अडीच कोटी त्याच वर्षीचा नफा. याला तिकडे शुद्ध नफा म्हणतात. प्रीमियर लीगच्या २०२५-२६ पर्यंतच्या नियमानुसार क्लबला तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपलीकडे तोटा दाखवता येत नव्हता. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये ताळेबंद जुळवताना दुकानदार जसा फडताळ चाचपतो, तसा क्लब अकादमी चाचपायचा.

यातला विरोधाभास असा की हा नियम करणाऱ्यांनी अकादमीचं भलंच चिंतलं होतं. अकादमीवरचा खर्च तोट्यात धरत नसत, तो मोकळा सोडला होता. पोरं घडवा, म्हणून सवलत दिली. पण वहीच्या रीतीने सांगितलं की घडवलेली पोरं विका. फसलेला महागडा खेळाडू विकणं तोट्याचं, म्हणून तो राहणार. घरचा विकणं फायद्याचं, म्हणून तो जाणार. संघ वर्षानुवर्षं अशाच चाळणीतून गेला तर चाळणीत काय उरतं हे सांगायला हिशेबनीस नको.

युनायटेडच्या ज्या विक्रीवर कोल्हापुरात अजून वाद होतो ती ऑगस्ट २०२४ मधली. त्या उन्हाळ्याची सुरुवात गोड होती. २५ मे रोजी वेम्बलीवर मँचेस्टर सिटीला २-१ हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडची जुनी बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकली होती आणि दोन्ही गोल अकादमीतल्या, विशीही न गाठलेल्या पोरांचे होते. लीगमध्ये आठवा आलेला डच प्रशिक्षक जाणार असं सगळे धरून चालले होते. कप जिंकला म्हणून तो वाचला, उलट करार एक वर्षाने वाढवून मिळाला. त्याच्या पसंतीने पाच नवे खेळाडू आले. मात्र जून २०२४ ला संपलेल्या आर्थिक वर्षात क्लबचा तोटा ११ कोटी पौंडांवर गेला होता. पैसा कुठून तरी काढायचा होता. पाचव्या वर्षापासून युनायटेडमध्ये वाढलेला, २५० हून अधिक सामने खेळलेला स्कॉटिश मिडफिल्डर सुमारे अडीच कोटी पौंडांना इटलीच्या नापोली क्लबला गेला. सगळा शुद्ध नफा. प्रशिक्षकाला तो जायला नको होता, हे त्याने तेव्हाच उघड बोलून दाखवलं होतं.

दोन महिन्यांत, २८ ऑक्टोबरला, त्या प्रशिक्षकालाही काढलं. त्याला आणि त्याच्या माणसांना घालवण्याचा खर्च एक कोटी पौंडांच्या वर गेला. म्हणजे पोरगा विकून जे आलं त्यातलं जवळपास चाळीस टक्के वस्ताद घालवण्यात गेलं. खेळाडूंच्या निवडीसाठी मोठ्या हौसेने दुसऱ्या क्लबातून सोडवून आणलेला अधिकारी पाच महिन्यांत डिसेंबरमध्ये गेला, तो वेगळाच.

या विक्रीची बाजू घेणारेही इथे आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. तो मिडफिल्डर धड हाफ नाही, धड फॉरवर्ड नाही, चेंडू पायात ठेवून खेळ चालवणं त्याला जमत नाही, अडीच कोटी ही त्याची बरोबर किंमत, असं ते म्हणत. २०२३ पर्यंत मीही त्यांच्यातच होतो. पण प्रश्न एकट्या खेळाडूचा नसतो. त्याच्या जागी कोण आलं आणि येणाऱ्याला कुठे खेळायचं होतं, हाही असतो. नोव्हेंबरमध्ये आलेला पोर्तुगीज प्रशिक्षक तीन बॅक आणि दोन विंगबॅक, म्हणजे कडेने वरखाली धावणारे बॅक, ठेवून खेळणारा. संघ होता चार बॅकवाल्याने जमवलेला. विंगरांचा भरणा आणि डाव्या बाजूला धावणारा विंगबॅक एकही धड नाही. आणि ज्या स्पॅनिश पोराला त्या जागेसाठी अकादमीत वाढवलं होतं त्याला नुकतंच सुमारे पन्नास लाख पौंडांत पोर्तुगालच्या बेनफिकाला देऊन झालेलं. वर्षभराने त्यालाच रेआल माद्रिदने सुमारे पाच कोटी युरो देऊन नेलं.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. ३८ सामन्यांत ४२ गुण, १८ पराभव, ४४ गोल केले, ५४ खाल्ले, पंधरावा क्रमांक.

चाहत्यांच्या कपाळावरची शीर ज्या आठवड्यात उठली तो मे २०२५ मधला. १७ तारखेला क्रिस्टल पॅलेसने सिटीला १-० हरवून एफए कप जिंकला. पेनल्टी अडवणारा गोलकीपर युनायटेडच्या अकादमीतला, २०२३ मध्ये विकलेला. (डीबाहेर, म्हणजे गोलकीपरला हात लावता येतो त्या चौकटीबाहेर, चेंडूला हात लावूनही त्याचं लाल कार्ड चुकलं होतं, हे मान्य.) २१ तारखेला बिल्बाओत युरोपा लीगची फायनल. आपल्याकडे रात्री साडेबारा वाजलेले. टॉटेनहॅमने १-० ने हरवलं, तेही अंगाला लागून आत गेलेल्या गोलवर. दोनच रात्रींनी नापोलीने इटलीची लीग जिंकली, पहिला गोल त्या विकलेल्या स्कॉटिश पोराचा, हवेत आडवं होऊन मारलेला. लीगमध्ये त्याचे १२ गोल झाले आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्याआधी १ एप्रिलला नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून युनायटेड १-० हरलं होतं. स्वतःच्या हाफमधून चेंडू घेऊन सगळं मैदान कापत पाचव्या मिनिटाला गोल करणारा विंगर कोण, तर २०२३ मध्ये दीड कोटींना विकलेला अकादमीचाच पोरगा. एप्रिल फूल म्हणून हसावं, तर हसू आलं नाही.

न्यायाने सांगायचं तर विकलेला प्रत्येक जण सोनं निघाला असं नाही. जे बाहेर जाऊन विझले त्यांची नावं आपण विसरतो, चमकले त्यांचीच उजळणी करतो. आणि बाहेर जाऊन चमकणाऱ्यांत विकत आणलेलेही होते. हॉलंडहून आठ कोटींवर मोजून आणलेला ब्राझिलियन विंगर स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या बेटिस क्लबला उसना गेला आणि पाहता पाहता तिथला लाडका झाला. तीन वर्षांनी युनायटेडने त्याला विकला तो सव्वादोन कोटींच्या आत. वहीतली उरलेली किंमत वर मांडली तशी ताडून पाहा, म्हणजे इतकी वर्षं त्याला बाकावर का सांभाळलं ते कळेल.

हा वाद कोल्हापुरात इतका पेटतो त्याला इथलं कारणही आहे. गेल्या काही वर्षांत पेठांच्या संघांत बाहेरगावचे, गोव्याचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडू आले. हंगामाच्या तोंडावर नोंदणी सुरू झाली की कोण कुठल्या तालमीकडून सही करतो यावर पैजा लागतात. ईर्षा टोकाची, त्यामुळे जिंकायला बाहेरचा लागतो. पण जिंकल्यावर खांद्यावर घ्यायला पेठेतलाच लागतो. बाहेरच्यांची संख्या किती असावी यावर इथे जी कारणं दिली जातात, तीच मँचेस्टरच्या चर्चेत पाउंडात मोजून पुन्हा येतात. फरक एवढाच की आपल्याकडे पोरगा दुसऱ्या तालमीत गेला तरी राहतो त्याच गल्लीत. सकाळी दुधाच्या रांगेत भेटतो आणि शिव्या तोंडावर द्याव्या लागतात.

२०२५ च्या उन्हाळ्यात युनायटेडने पुढचे तीन फॉरवर्ड आणले, मिळून वीस कोटी पौंडांच्या आसपास. त्याच उन्हाळ्यात एफए कप फायनलमधल्या दोन गोल करणाऱ्यांपैकी एक चार कोटींना चेल्सीला गेला. अकादमीतला असल्याने तोही बहुतेक नफाच. दुसऱ्याने उसनं जाऊ द्या म्हणून विनवलं, तर त्याला थांबवून बाकावर बसवलं.

२७ ऑगस्टला लीग कपमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीशी गाठ पडली. सामना २-२, टायब्रेकर १२-११, ग्रिम्सबी विजयी. शेवटची पेनल्टी आडव्या खांबावर मारणारा त्या तीन नव्या फॉरवर्डांपैकी एक होता. ग्रिम्सबीचा दुसरा गोल करणारा बॅक युनायटेडच्या अकादमीत वाढलेला होता. त्याला तर विकलंही नव्हतं, नुसतं सोडून दिलं होतं.