वनस्पतिजन्य कीटकनाशकांचे नियमन

वनस्पतींची मुळे, बिया, पाने वा फुले यांपासून मिळणाऱ्या कीटकनाशक द्रव्यांची नोंदणी, गुणवत्ता, विक्री व वापर यांवरील कायदेशीर नियंत्रण. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन, शेवंतीवर्गीय फुलांतील पायरेथ्रम, तंबाखूतील निकोटीन व डेरिस या वेलीच्या मुळांतील रोटेनोन ही यांतील परिचित द्रव्ये होत.

नियमनातील मुख्य अडचण रासायनिक आहे. अर्क हे अनेक संयुगांचे मिश्रण असते. केवळ पायरेथ्रममध्येच एस्टर वर्गाची सहा कीटकनाशक संयुगे आढळतात. निंबोळीतील अझाडिरॅक्टिनचे प्रमाण झाड, हवामान व साठवण यांनुसार बदलते आणि उन्हात ते लवकर विघटित होते. त्यामुळे एखादा सूचक घटक मोजून उत्पादनाची प्रत ठरविली जाते. भारतात अशी उत्पादने ०·०३ टक्के (३०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ३०० भाग) ते ५ टक्के (५०,००० पीपीएम) अझाडिरॅक्टिन अशा निरनिराळ्या प्रतींत नोंदली गेली आहेत. निंबोळीतीलच सालॅनिन, निंबिन इ. संयुगांचाही परिणामात वाटा असल्याने एकच घटक मोजणे अपुरे आहे, असे काही अभ्यासक मानतात. तपासणीच्या दृष्टीने मात्र हीच पद्धत व्यवहार्य दिसते. अर्थात अर्कात संश्लेषित कीटकनाशकाची भेसळ असल्यास ती या मोजणीत सापडत नाही; त्यासाठी वेगळे विश्लेषण करावे लागते.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हे गृहीतक रोटेनोनच्या बाबतीत टिकले नाही. १८९५ च्या सुमारास फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमान्युएल जोफ्रवा यांनी ‘निकुलिन’ या नावाने वर्णिलेले द्रव्य व १९०२ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी वेगळे केलेले रोटेनोन एकच असल्याचे पुढे दिसून आले. शोधाचा अग्रमान जोफ्रवा यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. माशांना अत्यंत विषारी असलेल्या या द्रव्याला यूरोपीय संघाने २००८ मध्ये मान्यता नाकारली. निकोटीनही तेथे वापरातून गेले.

अमेरिकेत १९९६ च्या नियमाने लवंग, रोझमेरी यांच्या तेलांसारखे काही घटक असलेली उत्पादने विशिष्ट अटींवर केंद्रीय नोंदणीतून वगळली. यूरोपीय संघाच्या २००९ च्या विनियमात कमी जोखमीच्या द्रव्यांना १५ वर्षांपर्यंत, तर ‘मूलभूत द्रव्यां’ना (मुख्यतः पीक संरक्षणासाठी विकली न जाणारी, पण त्यासाठी उपयोगी पडणारी द्रव्ये) बेमुदत मान्यता मिळू शकते. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची या विषयावरील संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे २०१७ मधील आहेत. भारतात १९६८ चा कीटकनाशक अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ३८ नुसार स्वतःच्या घरी, परसबागेत वा स्वतः कसत असलेल्या जमिनीत केलेला वापर अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहतो. विक्रीला ही सूट नाही.