पार्श्वभूमी : टूलबार कोणी लावायचा?

सोलापुरात लग्नपत्रिका मराठीत लागते, तेलुगूत लागते, कन्नडमध्ये लागते. कधी एकाच कार्डावर दोन भाषा. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत, रुळण्याआधी प्रत्येक भाषेचा फॉन्ट वेगळा होता आणि फॉन्ट चुकला की मजकुराचा पार कचरा. म्हणून डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर लावणारे, मायक्रोसॉफ्टच्या वर्डमध्ये फॉन्ट बदलणारा मॅक्रो (एका आज्ञेत काम उरकणारा छोटा प्रोग्रॅम) करायचे आणि त्याचं बटण टूलबारवर, म्हणजे बटणांच्या पट्टीवर, बसवायचे. एका भाषेला एक बटण.

ही सोय हळूहळू आली. एक्सेलमध्ये टूलबार १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीत दिसला. वर्ड-एक्सेलचा संच असलेल्या ऑफिस ९७ मध्ये मेनू आणि टूलबार आतून एकच झाले. ऑल्ट दाबून ओढलं की बटण जागा बदले. वर्डमधली ही मांडणी 'नॉर्मल डॉट' नावाच्या फाइलमध्ये राहायची. ती फ्लॉपीवर घ्यायची, दुसऱ्या मशीनवर टाकायची, की आपला टूलबार तिथे हजर.

ऑफिस २००० ने मात्र एका शब्दाचा गुंता केला. तुम्ही वापरत नाही ते पर्याय मेनू आपणहून लपवू लागला आणि यालाही 'तुमच्यासाठी जुळवलेला मेनू' म्हटलं गेलं. आपण लावलेला टूलबार आणि हा मेनू, मराठीत दोन्हींना 'सानुकूल' म्हणतो, पण एकात हात माझा आहे, दुसऱ्यात प्रोग्रॅमचा. क्लासमध्ये शेजारच्या दोन मशीनवर एकच मेनू वेगवेगळा दिसायचा; शिकवणाऱ्याने 'वरून पाचवा पर्याय' सांगायचा तरी कसा?

खरा वाद २००७ चा. रिबन, म्हणजे टॅबमध्ये विभागलेली बटणांची रुंद पट्टी, आली आणि जुने टूलबार गेले. राहिला वरच्या कोपऱ्यातला छोटा क्विक अ‍ॅक्सेस टूलबार. जुन्या टेम्प्लेटमधली (नॉर्मल डॉटसारख्या साचा-फाइलमधली) आपली बटणं 'अ‍ॅड-इन्स' नावाच्या टॅबमध्ये जाऊन पडली. तीन भाषांची बटणं रोजच्या टॅबवरून एक क्लिक लांब गेली. ऑफिस बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की बदललेले टूलबार २ टक्क्यांहूनही कमी वेळा वापरात दिसतात, शिवाय चुकून ओढलं गेलेलं बटण परत सापडत नाही. दुसरा मुद्दा खरा आहे, तसे हैराण झालेले लोक सगळ्यांनीच पाहिलेत. पहिला मला पटत नाही. मोजणी झाली ती वर्ड किती वेळा उघडला याची. महिन्यातून एक अर्ज टाइप करणारा आणि लग्नसराईत दिवसाला आठ तास पत्रिका लावणारा यांना एकाच तराजूत घातलं, तर दुसरा दिसणारच नाही. बटणं हलवणारे थोडेच होते, पण त्यांचं पोट त्या बटणांवर होतं.

पुढचं थोडक्यात. लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचाने टूलबार तसेच ठेवले. रिबनसारखी पट्टी २०१७ मध्ये प्रयोग म्हणून दिली आणि २०१९ मध्ये पक्की केली, तीही पर्याय म्हणून. ऑफिस २०१० ने स्वतःचा टॅब करायची आणि ती मांडणी फाइलमध्ये काढून दुसऱ्या मशीनवर न्यायची मुभा परत दिली. अट एकच : नवं बटण आपण केलेल्या गटातच बसतं. मूळ गट अख्खा काढता येतो, पण त्यातलं एकटं बटण जागचं हलत नाही.