पिकअपचे मडफ्लॅप

मडफ्लॅप म्हणजे चाकाच्या मागं लोंबणारा रबराचा नाहीतर प्लास्टिकचा पडदा. चाक फिरताना जो चिखल, पाणी, खडी उडवतंय ते या पडद्यावर आपटून खाली पडतं, एवढंच त्याचं काम. पिकअपला चार लागतात. पुढचे दोन स्वतःच्या गाडीसाठी, कारण ते नसले की दाराच्या खालचा पत्रा, पायदान आणि खालून गेलेले ब्रेकचे पाइप वर्षभर खडीचा मार खातात. मागचे दोन जास्त करून मागनं येणाऱ्यासाठी. पावसात पुणे-बंगळूर हायवेला विनाफ्लॅपच्या पिकअपमागं बाईक घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा, हेल्मेटच्या काचेवर गढूळ पाणी बसलं की दोन सेकंद रस्ताच दिसत नाही आणि त्या दोन सेकंदात काहीही होऊ शकतं. म्हणून मागचे फ्लॅप शोभेचे समजू नयेत असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूर जिल्ह्यात चिखल एक प्रकारचा नाही. शिरोळ, हातकणंगल्याकडं काळी माती, पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावड्याकडं लाल माती आणि धो धो पाऊस. लाल चिखल पातळ असतो, उडतो आणि धुऊन जातो. काळी माती चिकट, ती चाकाला थरावर थर बसत जाते आणि फ्लॅप चाकाला खेटून असला की मधली फट भरून घट्ट होते, मग टायर त्यावर घासत चालतो आणि फ्लॅप वरच्या बोल्टपाशी फाटायला लागतो. त्यामुळं उसाच्या रानात जाणाऱ्या गाडीला चाक आणि फ्लॅपमध्ये चार बोटं तरी मोकळी ठेवावीत, जास्त ठेवता आली तर उत्तमच. नुसतं डांबरीवर फिरणाऱ्या गाडीला थोडं जवळ चालतं, जवळ असला की तुषार जास्त अडतात.

बाजारात साधारण दोन तऱ्हा मिळतात. एक गाडीच्या मॉडेलप्रमाणं साच्यातनं काढलेले, हे चाकाच्या कमानीला नीट बसतात, दिसायला चांगले, पण बरेचसे आखूड असतात आणि प्लास्टिक कडक असलं तर बांधाला लागून तुकडा पडतो. दुसरे सपाट रबर मापाला कापून केलेले. आत कापडाचा थर असलेलं रबर घ्यावं, भोकापाशी ते लवकर चिरत नाही. जाडी ५-६ मिलिमीटर पुरे. फार पातळ घेतलं तर ८० च्या स्पीडला वाऱ्यानं मागं उडून आडवं होतं, मग असून नसल्यासारखंच. रुंदी टायरपेक्षा दोन्ही बाजूंना बोटभर जास्त पाहिजे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, कापून, भोकं पाडून घेता येतं, पण माप आपण द्यायचं.

आणि हे माप चुकतं ते एकाच कारणानं, लोक गाडी रिकामी उभी करून मोजतात. मार्केट यार्डातनं गुळाचे ३० किलोचे ४० रवे, म्हणजे ढेपा, भरले म्हणजे १२०० किलो झाले, मागचे पाटे (चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दबतात आणि हौदा, म्हणजे माल भरायचा भाग, चांगला वीतभर नाही तरी अर्धी वीत खाली येतो. रिकाम्या गाडीला जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर दिसणारा फ्लॅप मग जरा खड्डा आला की रस्त्याला घासायला लागतो. माझ्या पहिल्या गाडीला असंच झालं होतं. दुकानात रिकाम्या गाडीवर लांब फ्लॅप लावून दिले, मी पण खूश, आणि पहिल्याच फेरीत उसाच्या फडातनं भरलेली गाडी रिव्हर्स घेताना फ्लॅपचं टोक मागच्या चाकाखाली गेलं, चाकानं ते ओढलं आणि बोल्टासकट पत्रा वाकवून काढलं. तेव्हापासनं मी गाडी भरून, सपाट जागी उभी करून मोजतो आणि भरल्यावर खाली १५ ते २० सेंटिमीटर उरतील असं कापतो. चाकोरीतनं, बांधावरनं रिव्हर्स घ्यायची सवय असेल तर आणखी थोडं वर.

बसवताना कंपनीची भोकं असतील तर तीच वापरावीत. नवीन पाडायचं तर आधी पत्र्यामागं हात घालून वायर, ब्रेकचा पाइप काही आहे का ते बघायचं, मगच ड्रिल. पाडलेल्या भोकाच्या कडेला प्रायमर लावल्याशिवाय बोल्ट घालू नये, आमच्याकडच्या पावसात गंज तिथूनच धरतो. नुसता स्क्रू पिळला तर रबर त्यातनं निसटतं. रबरावर आडवी लोखंडी पट्टी ठेवायची, पट्टीतनं ६ मिलिमीटरचे तीन बोल्ट, मागनं मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यानं सैल न होणारा), म्हणजे ओढ एका भोकावर न येता सगळ्या रुंदीवर पसरते. मागं कमान नसलेल्या हौद्याला फ्लॅप हौद्याच्या खालच्या आडव्या चॅनेलला टांगतात. वेल्डिंग करावंच लागलं तर बॅटरीची मायनस वायर आधी काढायची, आणि चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या मूळ सांगाड्याला, वेल्डिंग नकोच. पुढचे लावून झाले की स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघायचं, टायर कुठं घासत नाही ना. ही तपासणी बरेच जण सोडतात आणि मग पहिल्या यू टर्नला कर्रर्र आवाज येतो.

पावसाळ्यात गाडी धुताना फ्लॅपच्या आतल्या बाजूला आणि पट्टीच्या मागं पाण्याचा फवारा मारायचा, बाहेरनं स्वच्छ दिसतंय म्हणून सोडायचं नाही, माती तिथंच ओली धरून बसते. चीर पडायला सुरुवात वरच्या कडेच्या भोकापासनं होते तेव्हा नजर तिथं टाकायची. एक फाटला की जोडीच बदललेली बरी. आणि जुना फ्लॅप फेकू नये, गॅरेजच्या भिंतीला टांगून ठेवावा, पुढच्या वेळी नवीन रबरावर ठेवून भोकांसकट खडूनं आखला की परत मोजायची गरजच पडत नाही.