पंख पसरून बसलेले दोघे : पाणकावळा आणि तिरंदाज

हिवाळ्याच्या सकाळी भिगवणजवळ उजनीच्या पाणफुगवट्यात होडीतून जाताना, पाण्यात उभ्या राहिलेल्या वाळक्या झाडावर पंख पसरून बसलेला काळा पक्षी दिसला, की होडीतले बहुतेक जण त्याला ‘पाणकावळा’ म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा ते बरोबरही असते. पण शेजारच्या फांदीवर अगदी तसेच पंख पसरून बसलेला पक्षी तिरंदाज असू शकतो, आणि मग गोंधळ केवळ नावाचा राहत नाही. या दोघांच्या अंगाला तेल नसते, त्यामुळे ते भिजतात आणि म्हणून पंख वाळवत बसतात, असे जे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते, ते पाणकावळ्याच्या बाबतीत अर्धवट आणि तिरंदाजाच्या बाबतीत त्याहूनही अपुरे आहे.

आधी ओळख. आपल्याकडे पाणकावळ्यांच्या तीन जाती दिसतात. त्यांतला छोटा पाणकावळा जेमतेम ५० सेंटिमीटर लांबीचा असल्याने त्याची तिरंदाजाशी गल्लत होण्याचे कारण नाही. मोठा पाणकावळा मात्र तिरंदाजाइतकाच, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर लांब असतो. अशा वेळी चोच पाहावी. पाणकावळ्याच्या चोचीच्या टोकाला खाली वळलेला आकडा असतो, तर तिरंदाजाची चोच सुईसारखी सरळ आणि टोकदार असते. तिरंदाजाची मान बारीक, लांब आणि मध्येच मोडल्यासारखी दिसते, पाठीवर रुपेरी रेघा असतात आणि शेपटी लांब असते. पोहताना तो अंग पाण्याखाली ठेवून फक्त मान वर काढतो, म्हणून त्याला सर्पपक्षीही म्हणतात. (पाणकावळ्याचा कावळ्याशी काही संबंध नाही, पण लॅटिनमध्येही त्याला ‘समुद्रकावळा’ म्हटले गेले, म्हणजे ही चूक आपली एकट्यांची नव्हे.)

आता मूळ मुद्दा. पाण्याखाली राहायचे म्हटले, की आपल्या डोक्यात आधी श्वास येतो. तो प्रश्न दोघांनीही साधारण सारख्याच रीतीने सोडवला आहे. बाहेरच्या नाकपुड्या बंद झालेल्या असल्याने ते तोंडाने श्वास घेतात, आणि पाणबुड्या पक्ष्यांच्या स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवणारे मायोग्लोबिन भरपूर असते. शिवाय त्यांची बुडी सहसा मिनिटभराचीही नसते. ५०० मीटरपेक्षा खोल जाणाऱ्या आणि २० मिनिटांहून अधिक काळ खाली राहू शकणाऱ्या एम्परर पेंग्विनपुढे ही बुडी म्हणजे नुसते डोके बुडवून बाहेर येणे. या दोघांची खरी अडचण श्वासाची नसून तरंगण्याची आहे.

बदकाच्या अंगावरचे पाणी अळवाच्या पानावरच्या थेंबासारखे ओघळून जाते, कारण त्याच्या पिसांत हवा कोंडलेली असते. ती हवा त्याला कोरडे आणि उबदार ठेवते, पण त्याच हवेमुळे तो बुचासारखा वर ढकलला जातो. पाण्यात १० मीटर खाली गेल्यावर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि कोंडलेल्या हवेचे आकारमान निम्म्यावर येते. म्हणजे खोल जाणाऱ्या पक्ष्याचे ओझे पाणीच हलके करते. उथळ पाण्यात शिकार करणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, आणि पाणकावळा व तिरंदाज दोघेही बहुतेक वेळा उथळ पाण्यातच मासे धरतात. तेव्हा भिजणे हा त्यांच्या पिसांचा दोष मानण्यापेक्षा हवा टाकून देण्याचा उपाय मानणे अधिक योग्य. तेलाचे म्हणाल, तर शेपटीच्या बुडाशी असणारी तेलग्रंथी पाणकावळ्यालाही असते. पाणी आत शिरते ते पिसांच्या रचनेमुळे.

ही रचना मात्र दोघांची वेगळी आहे. मोठ्या पाणकावळ्याच्या अंगावरच्या पिसाची बाहेरची कड सैल असते आणि ती तत्काळ भिजते; मधला भाग मात्र घट्ट विणलेला आणि पाणी न शिरू देणारा असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे नीट दाखवले गेले. वरून चिंब दिसणाऱ्या या पक्ष्याच्या कातडीलगत हवेचा पातळ थर टिकून राहतो, आणि म्हणूनच मोठा पाणकावळा ग्रीनलँडच्या गोठवणाऱ्या पाण्यातही हिवाळा काढू शकतो. तिरंदाजाकडे असा थर नसतो. पाणी त्याच्या थेट कातडीपर्यंत पोहोचते. त्यामुळे तो पाण्यात सहज बुडतो, पण अंगातली ऊबही तितक्याच सहज गमावतो, आणि त्याचे सारे कुळ उष्ण प्रदेशांतल्या पाण्यालाच बांधलेले राहिले आहे.

शिकारीच्या तऱ्हेतला फरकही इथूनच उलगडतो. पाणकावळा पाठलाग करतो. पंख अंगाशी आवळून, चारही बोटे पडद्याने जोडलेले दोन्ही पाय एकदम मागे मारत तो माशामागे धावतो आणि आकड्याच्या चोचीत त्याला पकडतो. तिरंदाज धावण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही. पाणी त्याला वर ढकलत नसल्याने तो पाणवनस्पतींच्या आडोशाने अगदी संथ सरकू शकतो किंवा जवळजवळ स्थिर राहू शकतो. मानेचा आठवा मणका लांब असून तिथे बिजागरीसारखा सांधा असतो, त्यामुळे मान इंग्रजी झेड अक्षरासारखी दुमडलेली राहते. मासा टप्प्यात आला की ती स्प्रिंगसारखी उलगडते आणि चोच भाल्यासारखी माशाच्या अंगात घुसते. मग तो वर येतो, मान झटकून मासा सोडवतो, हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. मला विचाराल तर ‘तिरंदाज’ हे नाव सुंदर असले तरी चुकीचे आहे, कारण तीर हातातून सुटतो आणि याचे हत्यार हातातच राहते; याला भालाईत म्हणायला हवे होते.

आता पुन्हा त्या वाळक्या झाडाकडे वळू. पाणकावळा पंख पसरतो तो मुख्यतः पंख वाळवण्यासाठी. पाण्यातून बाहेर आल्यावर तो झाडावर चढतो, पंख फडफडवतो आणि वाऱ्यात उघडे धरतो. गॅलापागोस बेटांवरचा उडणे सोडलेला पाणकावळासुद्धा आपले खुरटे पंख तसेच उघडून उभा राहतो. तिरंदाजाचे कारण मात्र मुख्यतः ऊब हे असावे. फ्लोरिडातल्या त्याच्या अमेरिकन भाऊबंदांवर १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या पक्ष्याच्या शरीरात उष्णता मुळातच कमी तयार होते आणि ती लवकर निसटते. ही तूट तो सूर्याकडून भरून काढतो. म्हणून तो उन्हाकडे पाठ करून बसतो, आणि अंग कोरडे असतानाही पंख पसरतो. वाळत घातलेल्या धोतराची उपमा पाणकावळ्याला शोभते. तिरंदाजाला शेकोटीकडे पाठ करून बसलेल्या म्हाताऱ्याची द्यावी लागेल.

पिसे झाडण्यातही दोघांचे गणित वेगळे आहे. पाणकावळा उडण्याची पिसे थोडीथोडी बदलतो, त्यामुळे त्याचे उडणे थांबत नाही. तिरंदाज ती जवळजवळ एकाच वेळी टाकतो आणि नवी येईपर्यंत त्याला उडता येत नाही. एरवी उन्हात पंख पसरून बसणारा हा पक्षी त्या काळात होडी जवळ आली तर फांदीवरून सरळ पाण्यात उतरतो, आणि बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी, त्याची नुसती मान वर येते.