घाममाश्या

हॅलिक्टिडी कुलातील रानटी माश्या. क्षार आणि ओलाव्यासाठी यांच्या काही जाती माणसाचा घाम चाटतात, त्यावरून हे नाव पडले. ते साऱ्या कुलाला लावणे सोयीचे असले तरी काटेकोर नाही. जगात सुमारे ४,५०० जाती. डंख फक्त मादीला, तोही सौम्य. चिलट समजून त्यांना झटकले जाते. कोती या डंखहीन माशीशीही घोळ होतो. मात्र कोतीच्या मागच्या पायावर परागाची टोपली असते, घाममाशीच्या पायावर पराग अडकवणारे दाट केस.

समूहजीवनाचा उगम हा या कुलातील सर्वांत वादाचा प्रश्न. एकट्या राहणाऱ्या आणि राणी-कामकरी असा भेद असणाऱ्या जाती येथे एकाच प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) आढळतात. काही जातींत तर हवामानानुसार एकाच जातीची वागणूक बदलते. समूहजीवन अनेकदा स्वतंत्रपणे उपजले, असे पूर्वी मानत. २००२ नंतरच्या जनुकीय अभ्यासांनुसार ते दोन-तीनदाच उपजले आणि पुढे अनेक वंशांत लोपले. हे मत अधिक ग्राह्य वाटते. या उगमाचा काळ मात्र सैलच धरावा: आधीच्या गणनेत सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचा, नंतरच्या गणनेत त्याहून बराच मागचा.

भारतीय जातींसाठी ब्रिटिश भारतातील माश्या व गांधीलमाश्यांवरचा बिंगम यांचा १८९७ चा खंड अजूनही चाळावा लागतो. त्यातील हॅलिक्टस प्रजातीच्या कित्येक जाती आता लॅसिओग्लॉसम या प्रजातीत गेल्या आहेत, त्यामुळे जुन्या नोंदी नाव पडताळूनच वापराव्यात. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. तिचा भर मध देणाऱ्या माश्यांवर.

वांगी, टोमॅटो यांच्या फुलांतील पराग परागकोशांच्या टोकाकडून बाहेर पडतो. नोमिया व तिच्या जवळच्या प्रजातींतील घाममाश्या फुलाला धरून उड्डाणस्नायू थरथरवतात, तेव्हा पराग झडतो. सातेरी या मधमाशीला हे जमत नाही. जुन्नर-नारायणगावच्या टोमॅटोपट्ट्यात म्हणूनच या माश्यांची किंमत ओळखायला हवी. मध नाही म्हणून त्यांना दुय्यम लेखणे चूक आहे.

बहुतेक जातींची घरटी जमिनीत असतात. मादी बोगद्याला कप्पे काढते, ते ग्रंथीच्या स्रावाने आतून लिंपते, परागाच्या गोळीवर अंडे घालून कप्पा बुजवते. पुण्यातील वेताळ टेकडी, तळजाईच्या उघड्या मुरमाड उतारांवर किंवा शेताच्या बांधावर अशी बिळे खणायला जागा मिळते. फरसबंदी, खोल नांगरट व फुलोऱ्यातील फवारणी त्यांना मारक. अमेरिकेत लसूणघासाच्या बियाण्यासाठी शेतकरी नोमियाच्या एका जातीकरिता खारवट ओली जमीन मुद्दाम राखतात. आपल्याकडे बांधाची एक पट्टी न नांगरता उघडी ठेवणे सहज शक्य आहे.