देवाशिवाय नीती: आगरकरांपासूनची पार्श्वभूमी

देव न मानणारा माणूस कशाच्या आधारावर जगतो, हा प्रश्न मराठीत ठळकपणे उभा राहिला तो गोपाळ गणेश आगरकरांमुळे. त्यांच्याआधी धर्माची कठोर चिकित्सा झालेली होती. परंतु 1867 मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने मूर्ती बाजूला सारून एकेश्वर कायम ठेवला, आणि 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीराव फुले यांनी पुरोहिताची मध्यस्थी नाकारली तरी ‘निर्मिक’ म्हणजे सृष्टीचा निर्माता मानला. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या विचारांवर पोसलेल्या आगरकरांनी हा शेवटचा टेकूही काढून घेतला.

‘केसरी’ सोडल्यानंतर 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला आणि देवतांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उपजल्या असाव्यात, याची चर्चा त्यांनी भाविक वाचकांसमोर उघडपणे मांडली. पुण्यातील सनातन्यांनी ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. मला मात्र या लेखनाइतकेच महत्त्वाचे वाटते ते त्यांनी विद्यार्थिदशेत आईला लिहिलेले पत्र. मुलाच्या मोठ्या परीक्षा होत आहेत, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, अशी आशा धरू नये. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण सर्व वेळ परहितासाठी खर्च करणार आहोत, असे त्यांनी त्यात कळवले. अत्यंत गरिबीत वाढलेल्या मुलाने हे लिहावे आणि पुढे तसेच वागावे, यामागे ना पाप-पुण्याचा हिशेब होता ना परलोकाची आशा. दम्याने जर्जर झालेले आगरकर फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असतानाच 1895 मध्ये, वयाच्या अवघ्या 39 व्या वर्षी वारले.

पुढे र. धों. कर्वे यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हाच बुद्धिवाद संततिनियमन आणि कामजीवन या विषयांपर्यंत नेला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा मार्ग निराळा होता: परंपरेच्या आतून, संस्कृत ग्रंथांच्याच आधारे धर्माची समीक्षा करीत ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादाकडे गेले. माणसाचे स्वातंत्र्य हेच मूल्यांचे उगमस्थान, हा त्या विचाराचा गाभा आहे.

नास्तिकाची खरी परीक्षा मृत्यूच्या वेळी होते, कारण तेव्हा निर्णय त्याच्या हातात नसतो, मागे राहिलेल्यांच्या हातात असतो. 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे हमीद दलवाई 1977 मध्ये मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता त्यांचे दहन झाले. त्यांचेच नाव नरेंद्र दाभोलकर यांनी आपल्या मुलाला दिले. दाभोलकर स्वतः नास्तिक होते, तरी अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देवाधर्माबाबत तटस्थ राहून शोषण करणाऱ्या बुवाबाजीला विरोध करावा, ही भूमिका त्यांनी आग्रहाने जपली. उपासनेचे स्वातंत्र्य संविधानाने दिले आहे, हे ते सतत सांगत. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यांनी देहदानाचा संकल्प केला होता, पण शवविच्छेदनामुळे तो पार पाडता आला नाही. साताऱ्यात विधींविना झालेल्या अंत्यसंस्कारात मुलगी मुक्ता हिने अग्नी दिला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला, त्याचा अध्यादेश राज्य सरकारने हत्येनंतर काही दिवसांतच काढला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तो कायदा संमत केला.